लिनक्स कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टिम कॉल घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पडद्यावर "नमस्कार" छापणारा सी भाषेतला साधा प्रोग्रॅम घ्या आणि तो एसट्रेस या साधनाखाली (प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते छापून दाखवणारं साधन) चालवून बघा. बऱ्याच गडबडीनंतर शेवटाकडे एक ओळ दिसेल: राइट नावाचा कॉल, त्यात आधी १, मग ३४०, २४४, २५० अशा ऑक्टल आकड्यांची माळ, मग २२, आणि बरोबरच्या चिन्हापुढे पुन्हा २२. "नमस्कार" या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने ७ चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे २१, आणि ओळ संपवणारा १. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मराठी कळत नाही, अक्षरंही कळत नाहीत. प्रोग्रॅम म्हणाला, हे २२ बाइट १ नंबरच्या फाइलमध्ये, म्हणजे इथे पडद्यावर, टाक. कर्नलने टाकले आणि किती टाकले ते सांगितलं. ही देवाणघेवाण म्हणजे सिस्टिम कॉल.

फाइल उघडणं, नेटवर्कवर काही पाठवणं, नवी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सुरू करणं, जास्तीची मेमरी मागणं ही सगळी कामं प्रोग्रॅम याच वाटेने करून घेतो. लिनक्समध्ये असे साडेतीनशेच्या आसपास कॉल आहेत. त्यात स्वतःचा एक घालून बघणं हा ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्यांचा आवडता प्रयोग आहे. इंटरनेटवर त्याच्या पाककृती भरपूर सापडतात: या फाइलमध्ये ही ओळ घाला, कम्पाइल करा, रिबूट करा, झालं. त्या पाळून कॉल चालतोही. पण बहुतेक ठिकाणी तो कॉल कर्नलच्या लॉगमध्ये "हॅलो वर्ल्ड" छापतो आणि थांबतो. त्यामुळे जे शिकायचं तेच राहून जातं, असं माझं मत आहे. सिस्टिम कॉल लिहिण्यातली खरी गोष्ट ही, की तुम्ही पूर्ण अधिकार असलेल्या बाजूला बसून, कोणताही अधिकार नसलेल्या आणि कदाचित वाईट हेतू असलेल्या माणसाचं ऐकत असता. हे "हॅलो वर्ल्ड"मध्ये दिसतच नाही. म्हणून आपण जरा खरं काम करणारा कॉल घेऊ.

त्याचं नाव वंशावळ. एखाद्या प्रोसेसचा नंबर द्यायचा आणि तिचा स्वतःचा आणि तिची आई, आजी, पणजी अशा सगळ्या पूर्वजांचे नंबर एका यादीत मिळवायचे. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या कुणीतरी जन्माला घातलेली असते, आणि साध्या प्रोग्रॅमची ही साखळी वर जात जात १ नंबरच्या प्रोसेसपर्यंत पोचते.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. उदाहरणं नेहमीच्या ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरची, म्हणजे एक्स८६-६४ ची आहेत.)

दारातून आत जाताना काय घडतं

प्रोसेसर किमान दोन पातळ्यांवर चालतो. साधा प्रोग्रॅम रिंग ३ मध्ये, कर्नल रिंग ० मध्ये. रिंग ३ मधून डिस्कशी किंवा नेटवर्क कार्डशी थेट बोलता येत नाही, दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीला हात लावता येत नाही. आत जायचं असेल तर सिस्कॉल नावाची एक सूचना द्यावी लागते.

ही सूचना मिळताच प्रोसेसर तीन गोष्टी करतो. परत कुठे यायचं तो पत्ता आरसीएक्स रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी साठवणीची जागा) ठेवतो, स्वतःच्या स्थितीचे फ्लॅग्ज आर११ मध्ये ठेवतो, आणि अधिकार वाढवून एलस्टार नावाच्या खास रजिस्टरमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. एलस्टारमध्ये काय असावं हे कर्नलने बूट होतानाच लिहून ठेवलेलं असतं, आणि रिंग ३ मधून ते बदलता येत नाही. सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे. प्रोग्रॅमला आत येता येतं, पण कुठे येऊन पोचायचं ते कर्नल ठरवतो.

मग प्रोग्रॅमला काय हवंय ते कर्नलला कळतं कसं? आकड्यावरून. आत येण्यापूर्वी आरएएक्स रजिस्टरमध्ये कॉलचा नंबर ठेवायचा, आणि आर्ग्युमेंट्स ओळीने आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८ आणि आर९ मध्ये. जास्तीत जास्त सहा. साध्या फंक्शनला चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्समधून जातं, इथे मात्र आर१० मधून, कारण आरसीएक्सवर प्रोसेसरने परतीचा पत्ता लिहून टाकलेला असतो. उत्तर आरएएक्समध्येच परत येतं.

एक गोष्ट प्रोसेसर करत नाही: स्टॅक, म्हणजे फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवायची मेमरी, बदलत नाही. आत आल्यावर पहिल्या काही सूचना चालतात तेव्हा स्टॅक पॉइंटर अजून प्रोग्रॅमचाच असतो, म्हणजे त्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून कर्नलचा असेंब्लीत लिहिलेला प्रवेशाचा भाग आधी स्वॅपजीएस ही सूचना वापरून स्वतःच्या माहितीपर्यंत पोचतो, कर्नलचा स्टॅक लावतो, सगळी रजिस्टरं पीटी_रेग्ज नावाच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवतो आणि मगच सी भाषेतल्या डू_सिस्कॉल_६४ या फंक्शनला हाक मारतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाल्यापासून, ती असलेल्या प्रोसेसरवर प्रत्येक प्रवेशाला पेज टेबलही (कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे ते सांगणारा तक्ता) बदलावं लागतं. सिस्टिम कॉल साध्या फंक्शन कॉलपेक्षा कितीतरी महाग पडतो तो या सगळ्या सोपस्कारांमुळे.

नंबरावरून फंक्शन शोधण्याचं काम वर्षानुवर्षं सिस_कॉल_टेबल नावाच्या अ‍ॅरेवर चालत होतं: नंबर हा इंडेक्स, त्या जागी फंक्शनचा पत्ता. २०२४ मध्ये एक्स८६ वर हे बदललं. टेबलमधून पत्ता उचलून तिकडे उडी मारणं, प्रोसेसर आधीच अंदाज बांधून पुढच्या सूचना चालवत असल्यामुळे, धोक्याचं ठरू लागलं होतं. म्हणून आता तिथे एक भलंमोठं स्विच-केस आहे. जुने लेख वाचताना हे ध्यानात असू द्या. कर्नल मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता येणारा कोड, लोड करून सिस_कॉल_टेबलमध्ये आपला पत्ता घुसवण्याची युक्ती त्यांत हमखास असते. हे टेबल मॉड्यूल्सपासून २००२ च्या सुमारासच लपवलं गेलं, ते हुडकून काढायला वापरलं जाणारं फंक्शन २०२० मध्ये ५.७ आवृत्तीत बंद झालं, आणि आता कॉल त्या टेबलवरून जातच नाहीत. सिस्टिम कॉल घालायचा तर कर्नल पुन्हा कम्पाइल करण्याला पर्याय नाही.

नंबर घेणं

कर्नलच्या सोर्समध्ये आर्च, एक्स८६, एन्ट्री, सिस्कॉल्स या फोल्डरांतून आत गेलं की सिस्कॉल_६४ डॉट टीबीएल ही साधी मजकुराची फाइल मिळते. प्रत्येक ओळीत चार रकाने: नंबर, कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमसाठी, कॉलचं नाव, आणि आतल्या फंक्शनचं नाव. ० म्हणजे रीड, १ म्हणजे राइट, ३९ म्हणजे गेटपिड, ५७ म्हणजे फोर्क. यावरून कम्पाइल होताना हेडर फाइली आपोआप तयार होतात.

हे नंबर सगळीकडे सारखे नाहीत. राइटचा नंबर इथे १ आहे, ३२-बिट एक्स८६ वर ४, आणि मोबाइलमध्ये असतो त्या ६४-बिट आर्मवर ६४. हा गोंधळ वाढू नये म्हणून ४२४ पासून पुढचे नवे कॉल सगळ्या आर्किटेक्चरांवर एकाच नंबरने द्यायचं ठरलं. ५१२ ते ५४७ हे नंबर एक्स३२ नावाच्या आडवळणाच्या प्रकारासाठी एका जुन्या चुकीमुळे अडकून पडलेत. त्या फाइलमध्येच तसं स्पष्ट लिहिलंय, आणि ५४८ पासून पुढच्यांना अशी अडचण नाही असंही. प्रयोगासाठी ५४८ घेणं शहाणपणाचं. शेवटच्या अधिकृत कॉलच्या लगेच पुढचा नंबर घेतला, तर कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत तो दुसऱ्या कुणाला तरी मिळालेला असेल.

तर फाइलच्या शेवटी आपली ओळ: ५४८, ६४, वंशावळ, सिस_वंशावळ. ४.१७ पासूनच्या काही आवृत्त्यांत चौथ्या रकान्यात नावाआधी एक्स६४ असा उपसर्ग हाताने लिहावा लागायचा. आताच्या आवृत्त्यांत तो आपोआप लागतो, त्यामुळे जुना लेख बघून लिहिलात तर लिंकिंगच्या वेळी अडेल. फंक्शनची घोषणा इन्क्लूड, लिनक्स, सिस्कॉल्स डॉट एच मध्ये करायची पद्धत आहे, आणि कर्नल फोल्डरमध्ये आपली नवी सी फाइल ठेवून तिचं नाव तिथल्या मेकफाइलमध्ये घालायचं. हा भाग एवढाच.

एक उपयोगी सूचना: टेबलमधली ओळ सगळ्यात आधी घाला आणि मग तिला हात लावू नका. तिच्यावरून तयार होणारी हेडर फाइल कर्नलमध्ये जागोजागी वापरलेली आहे, त्यामुळे ओळ बदलली की जवळजवळ सगळंच पुन्हा कम्पाइल होतं. फक्त आपली सी फाइल बदलली तर काम पटकन आटोपतं.

फंक्शन लिहिणं

सिस्टिम कॉलचं फंक्शन साध्या पद्धतीने घोषित करायचं नसतं. त्यासाठी सिस्कॉल_डिफाइन नावाचा मॅक्रो आहे आणि त्याच्या नावाला आर्ग्युमेंट्सची संख्या जोडतात. आपली चार आर्ग्युमेंट्स आहेत: कोणत्या प्रोसेसची वंशावळ हवी तो पिड (प्रोसेसचा नंबर), उत्तर ठेवायच्या बफरचा पत्ता, बफरमध्ये जास्तीत जास्त किती नंबर मावतात तो आकडा, आणि कॉलचं वागणं बदलण्यासाठीचे फ्लॅग्ज. म्हणून सिस्कॉल_डिफाइन४. कंसात आधी कॉलचं नाव, मग प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि नाव स्वल्पविराम देऊन वेगवेगळं.

मॅक्रो कशाला हवा, हे समजून घेण्यासारखं आहे. आपला पिड ३२ बिटांचा आहे, पण तो येतो ६४ बिटांच्या रजिस्टरमधून. वरचे ३२ बिट प्रोग्रॅमने हवे तसे भरून पाठवले तर? काही आर्किटेक्चरांवर कम्पायलर असं गृहीत धरून चालतो, की ते वरचे बिट हाक मारणाऱ्याने नीट भरलेले आहेत. आतल्या आत हाक मारणारा आपलाच कोड असतो तेव्हा ते ठीक. इथे हाक मारणारा परका आहे. २००९ मध्ये नेमकी ही सुरक्षा-त्रुटी लक्षात आली आणि सगळे कॉल या मॅक्रोखाली आणले गेले. तो रजिस्टरमधली पूर्ण किंमत घेतो आणि स्वतः ठरलेल्या प्रकारात बसवून मगच आपल्या कोडकडे देतो.

आता आतला भाग. पहिलं काम नकार देण्याचं. फ्लॅग्ज शून्य नसतील तर उणे ईइनव्हॅल परत करायचं, म्हणजे "आर्ग्युमेंट चुकीचं आहे". बफरची क्षमता शून्य असेल किंवा ६४ पेक्षा जास्त असेल तरीही तेच. ही ६४ ची मर्यादा आपण घालतो, कारण उत्तर आधी कर्नलच्या स्टॅकवरच्या अ‍ॅरेमध्ये गोळा करणार आहोत. एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक फक्त १६ केबीचा असतो. ६४ नंबरांना २५६ बाइट लागतात, तेवढे चालतात. प्रोग्रॅम सांगेल तेवढा अ‍ॅरे स्टॅकवर करायला गेलो, तर कुणीतरी दहा लाख सांगेल.

मग साखळी चढायची. कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेससाठी टास्क_स्ट्रक्ट नावाचं एक मोठं स्ट्रक्चर असतं आणि त्यातला रिअल_पॅरेंट हा पॉइंटर आईकडे नेतो. पण आपण चढत असतानाच दुसऱ्या कोअरवर एखादी प्रोसेस मरू शकते आणि तिचं स्ट्रक्चर मोकळं केलं जाऊ शकतं. मेलेल्याच्या पत्त्यावर जाऊन वाचणं हा कर्नलमधला सगळ्यात वाईट प्रकारचा बग, कारण तो क्वचितच दिसतो आणि दिसतो तेव्हा भलत्याच ठिकाणी. यासाठी आधी आरसीयू_रीड_लॉक म्हणायचं. नावात लॉक असलं तरी ते कुणालाच थांबवत नाही. फक्त एवढी हमी देतं, की आपण अनलॉक म्हणेपर्यंत ही स्ट्रक्चर्स मोकळी केली जाणार नाहीत. नाती मात्र बदलू शकतात. मधली एखादी प्रोसेस मेली तर तिची मुलं दुसऱ्याकडे दत्तक जातात. म्हणजे आपली यादी बरीचशी खरी असेल, पण एका क्षणाचा पक्का फोटो नसेल. या कामाला तेवढं पुरतं.

दिलेला पिड ० असेल तर स्वतःपासून सुरुवात, नाहीतर फाइंड_टास्क_बाय_व्हीपिड ने प्रोसेस शोधायची. न सापडल्यास अनलॉक करून उणे ईएसआरसीएच, म्हणजे "अशी प्रोसेस नाही". सापडली तर लूप: हिचा नंबर घ्या, तो शून्य असेल तर थांबा, नाहीतर अ‍ॅरेमध्ये ठेवा आणि आईकडे जा. नंबर घ्यायला टास्क_टीजीआयडी_व्हीएनआर वापरायचं, थेट स्ट्रक्चरमधला आकडा नाही. शेवटच्या व्हीएनआरला अर्थ आहे: विचारणाऱ्याला जो नंबर दिसायला हवा तोच मिळतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये बसलेल्या प्रोसेसला आपली आदिमाता १ नंबरची वाटते, प्रत्यक्षात बाहेर तिचा नंबर काही हजारांत असतो. आतून विचारलं तर बाहेरच्या प्रोसेससाठी हे फंक्शन ० देतं, आणि आपला लूप बरोबर कंटेनरच्या सीमेवर थांबतो. कंटेनर नसेल तेव्हाही तीच तपासणी कामी येते, कारण १ नंबरच्या प्रोसेसच्या वर कर्नलने स्वतः बनवलेली ० नंबरची असते, आणि तिचा रिअल_पॅरेंट ती स्वतःच. शून्याची तपासणी विसरलात तर यादीचा उरलेला भाग शून्यांनी भरून जाईल.

लूप संपला की आरसीयू_रीड_अनलॉक. आणि त्यानंतर, त्याआधी नव्हे, उत्तर प्रोग्रॅमच्या बफरमध्ये लिहायचं.

परक्याचा पॉइंटर

उत्तर लिहायला मेमकॉपी, म्हणजे मेमरीतून मेमरीत सरळ नक्कल करणारं फंक्शन, का नाही? बफरचा पत्ता तर आपल्याकडे आहे.

तो पत्ता प्रोग्रॅमने दिलाय, म्हणून. तो चुकीचा असू शकतो, न वापरलेल्या मेमरीचा असू शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्नलच्याच मेमरीचा असू शकतो. प्रोग्रॅम स्वतः तिथे लिहू शकत नाही, पण आपण रिंग ० मध्ये आहोत, आपण लिहू शकतो. कुणी तिथला पत्ता दिला आणि आपण निमूट लिहिलं, तर त्याने आपल्या हातून कर्नल बदलून घेतलं.

यासाठी कॉपी_टू_यूझर आहे. ते आधी तपासतं, की पत्ता प्रोग्रॅमच्याच हद्दीतला आहे का. हद्दीत असूनही तिथे मेमरी नसेल, तर कर्नल कोसळत नाही, किती बाइट लिहायचे राहिले ते सांगतं. उत्तर शून्य नसेल तर आपण उणे ईफॉल्ट परत करायचं, म्हणजे "पत्ता चुकीचा आहे". इथे नवशिक्यांचा एक घोटाळा होतो: ते कॉपी_टू_यूझरचं उत्तर तसंच पुढे परत करतात. ते उरलेल्या बाइटांची संख्या असते, एरर कोड नव्हे.

ही तपासणी सुटली तर काय होतं, याचं खरं उदाहरण वेटआयडी या कॉलचं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१३ मध्ये त्याचं काम जलद व्हावं म्हणून लिहिण्याची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत पत्त्याची तपासणी एकदाच, सुरुवातीला, स्वतः करायची असते. ती करायची राहिली. परिणाम असा, की कुणीही साधा वापरकर्ता वेटआयडीला कर्नलमधला पत्ता देऊन तिथे लिहून घेऊ शकत होता. सीव्हीई-२०१७-५१२३ या नावाने तो दोष नोंदला गेला आणि ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाला. दुरुस्तीचा गाभा म्हणजे सुटलेली ती तपासणी परत घालणं. कर्नलचा कोड रोज वाचणाऱ्या माणसांच्या नजरेतून हे सुटलं. म्हणून मी प्रयोगाच्या कॉलमध्येसुद्धा या बाबतीत अजिबात सूट देऊ नका असं सांगतो.

कॉपी करताना आणखी दोन गोष्टी. एक, जेवढे नंबर भरले तेवढेच बाइट पाठवायचे. पूर्ण ६४ जागांचा अ‍ॅरे पाठवला, तर न भरलेल्या जागांत कर्नलच्या स्टॅकवरचा आधीचा काहीतरी मजकूर असतो, आणि तो बाहेर जातो. त्यात कर्नलमधले पत्ते असू शकतात, आणि हल्ला करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. दोन, लिहिताना प्रोग्रॅमचं ते पान मेमरीत नसेल, तर ते आणेपर्यंत कर्नलला झोपावं लागू शकतं, आणि आरसीयूच्या आत झोपायला परवानगी नाही. म्हणून वर अनलॉक आधी म्हटलं. क्रम उलटा ठेवलात तरी बहुतेक वेळा चालेल, कारण पान सहसा मेमरीत असतंच. मग एखाद दिवशी नसेल. कर्नल कॉन्फिगर करताना डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे ही चूक लॉगमध्ये लगेच कळते.

वंशावळ प्रोग्रॅमकडून मोठी माहिती घेत नाही, पण पुढे तुम्ही असा कॉल लिहाल जो एखादं स्ट्रक्चर आत घेतो. तेव्हा कॉपी_फ्रॉम_यूझर एकदाच वापरा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. अर्जदाराच्या हातातला मूळ कागद बघून तपासायचा आणि सही करताना तोच कागद पुन्हा वाचायचा, असं केलं तर मधल्या वेळात त्याने आकडा बदललेला असू शकतो. आधी झेरॉक्स काढून घ्यायची, तपासायची ती आणि सही करायची तीवर. प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड त्याच मेमरीत त्याच क्षणी लिहीत असतो, त्यामुळे हा धोका पुस्तकी नाही.

सगळं नीट झालं की भरलेल्या नंबरांची संख्या परत करायची. फंक्शन तीसेक ओळींत बसतं.

कम्पाइल आणि चाचणी

आपल्या रोजच्या लॅपटॉपवर हे कर्नल लावायची घाई करू नका. क्यूएमू या इम्युलेटरमध्ये चालवा. बूट होऊन पुन्हा बंद व्हायला काही सेकंद लागतात, आणि कर्नल कोसळलं तरी काही बिघडत नाही. कम्पाइल करायला फ्लेक्स, बायसन, आणि लिबएल्फ व ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फाइली लागतात. सुरुवातीला मेक डेफकॉन्फिग पुरेसं. उबुंटूची कॉन्फिग फाइल उचललीत, तर सर्टिफिकेटची एक फाइल सापडत नाही म्हणून काम अडतं. कॉन्फिगमधल्या सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज या किमती रिकाम्या केल्या की सुटतं. खऱ्या मशीनवर लावायचंच असेल तर सिक्युअर बूट लक्षात ठेवा. ते चालू असताना सही नसलेलं कर्नल बूट होत नाही.

चाचणीचा प्रोग्रॅम छोटा आहे. जीलिबसीला, म्हणजे सी भाषेच्या नेहमीच्या लायब्ररीला, आपला कॉल माहीत असायचं कारण नाही, म्हणून तिच्यातलं सिस्कॉल हे सर्वसाधारण फंक्शन वापरायचं: ५४८, ०, बफर, ६४, ०. नवीन कॉलला जीलिबसीत नावाचं फंक्शन मिळायला बराच काळ लागू शकतो. गेटरँडम कर्नलमध्ये २०१४ मध्ये आला, जीलिबसीत २०१७ मध्ये.

क्यूएमूमध्ये सगळ्यात सोपी रचना म्हणजे हा प्रोग्रॅम स्टॅटिक कम्पाइल करून इनिट या नावाने इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना मेमरीत उघडली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) ठेवणं. मग तोच १ नंबरची प्रोसेस होतो. अशा वेळी वंशावळ एकच नंबर देईल: १. तो बग नाही, त्याला पूर्वजच नाहीत. दोन-तीनदा फोर्क करून पणतीकडून विचारा, म्हणजे साखळी दिसेल. आणि प्रोग्रॅम संपला की कर्नल पॅनिक होईल, इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला असं सांगत. तेही तुमच्या कॉलमुळे नाही. १ नंबरच्या प्रोसेसने संपायचंच नसतं, तिला शेवटी झोपवून ठेवा.

बरोबर उत्तर आलं की काम निम्मं झालं. आता मुद्दाम वाईट वागा. बफरच्या जागी नल द्या, ईफॉल्ट म्हणजे १४ यायला हवा. नसलेला पिड द्या, ईएसआरसीएच, ३. फ्लॅग्जमध्ये १ द्या, ईइनव्हॅल, २२. कर्नलच्या हद्दीतला पत्ता द्या, पुन्हा १४. हे आकडे एररनो या व्हेरिएबलमध्ये दिसतील. कर्नल उणे १ ते उणे ४०९५ मधलं काही परत करतं तेव्हा जीलिबसी उणे चिन्ह काढून ते एररनोमध्ये ठेवते आणि प्रोग्रॅमला फक्त उणे १ देते. एसट्रेसखाली चालवलंत तर त्याला वंशावळ हे नाव ठाऊक नसतं. तिथे ५४८ हेक्समध्ये दिसेल: सिस्कॉल_०एक्स२२४.

फ्लॅग्ज कशासाठी

वंशावळला फ्लॅग्जची आज काहीच गरज नाही, तरी चौथं आर्ग्युमेंट ठेवलं आणि शून्याशिवाय काहीही नाकारलं. कारण लिनक्सचा एक नियम फार कडक पाळला जातो: कर्नल बदललं म्हणून आधी चालणारा प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. एकदा अधिकृत कर्नलमध्ये गेलेल्या कॉलचा अर्थ नंतर बदलता येत नाही. अजूनही टेबलमध्ये १७४ नंबरला क्रिएट_मॉड्यूल अशी ओळ आहे आणि तिचा फंक्शनचा रकाना रिकामा आहे. मॉड्यूल लोड करायची ती जुनी पद्धत कधीच गेली, पण तो नंबर दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही.

मग कॉलमध्ये काही वाढवायचं झालं तर? जागा ठेवलेली नसेल तर नवा कॉल काढावा लागतो. पाइप होता, त्याला फ्लॅग्ज नव्हते, म्हणून २००८ मध्ये पाइप२ आला. डप२ साठी त्याच वेळी डप३. फाइल उघडणाऱ्या ओपनॅटला फ्लॅग्ज होते, पण तो अनोळखी फ्लॅग्ज गुपचूप सोडून देतो. म्हणजे नवा फ्लॅग पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला तो पाळला गेला की नाही हे कळतच नाही. म्हणून २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत ओपनॅट२ आला, जो अनोळखी फ्लॅगवर स्पष्ट नकार देतो. जागा ठेवणं हे अर्धं काम. आज रिकाम्या असलेल्या जागेत कुणी काही लिहिलं तर नकार देणं हे उरलेलं अर्धं.

याच कारणाने अधिकृत कर्नलमध्ये नवा कॉल सहजासहजी घेत नाहीत. वंशावळ तर नक्कीच घेणार नाहीत: प्रॉक फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टॅट फाइलमध्ये चौथ्या रकान्यात आईचा पिड असतो, तो वाचत वाचत वर चढता येतं. काही उपकरण चालवायचं असेल तर डिव्हाइस फाइल आणि तिला आज्ञा देणारा आयओसीटीएल कॉल, नुसतं निरीक्षण करायचं असेल तर ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे तपासलेले प्रोग्रॅम चालवायची सोय), असे मार्ग आधी सुचवले जातात. जे कॉल स्वीकारले गेले त्यांच्यामागे ठोस गरज होती. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवताना एकाच वेळी अनेक लॉकांची वाट बघावी लागते, आणि फ्यूटेक्स या लॉकांसाठीच्या आधीच्या कॉलने ते नीट जमत नव्हतं, म्हणून ५.१६ मध्ये ४४९ नंबरचा फ्यूटेक्स_वेटव्ही आला. एखाद्या फाइलची किती पानं कॅशमध्ये आहेत हे विचारायला आधी पूर्ण फाइल मॅप करावी लागायची, म्हणून ६.५ मध्ये ४५१ नंबरचा कॅशस्टॅट. आणि कोड दिला म्हणजे झालं असंही नाही. सोबत चाचण्या हव्यात, मॅन्युअलचं पान हवं, बाकीच्या आर्किटेक्चरांचा विचार हवा.

प्रयोग म्हणून मात्र तो तुमच्या कर्नलमध्ये खुशाल ठेवा. चाचणीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नेलात तर साध्या कर्नलला ५४८ माहीत नाही आणि ईएनओसिस, म्हणजे ३८ परत येईल. कंटेनरमध्ये चालवलात तर तिथला सेकॉम्पचा (कोणते सिस्टिम कॉल चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या सोयीचा) फिल्टर अनोळखी नंबर मधेच अडवू शकतो, आणि त्याच्या आवृत्तीनुसार ३८ ऐवजी "परवानगी नाही" म्हणजे १ मिळू शकतो. गेटरँडम नवा होता तेव्हा शहाणे प्रोग्रॅम आधी तो वापरून बघायचे आणि ३८ आला की डेव्ह फोल्डरातल्या यूरँडमकडे वळायचे. तुमच्या प्रोग्रॅममध्येही तसंच करा: ३८ किंवा १ आला, की प्रॉकमधल्या स्टॅट फाइली वाचत वर चढणारं फंक्शन चालवा, आणि दोन्ही वाटांनी येणारी यादी सारखी आहे का ते तुमच्या ५४८ वाल्या कर्नलवर एकदा ताडून बघा.